वाचकांचे प्रश्न : नेपाळचा भूकंप आणि एका ख्रिस्ती संस्थेचे पुनर्बांधणीचे काम

नेपाळमधील २०१५ च्या भूकंपानंतर ‘युनायटेड मिशन टू नेपाळ’ या ख्रिस्ती सेवासंस्थेने धादिंग जिल्ह्यात केलेल्या मदतकार्याविषयी गेल्या अंकात एक टिपण प्रसिद्ध झाले होते. संस्थेने घरे बांधून वाटली नाहीत. शासनाच्या धोरणानुसार ज्याचे घर त्यानेच बांधायचे होते आणि संस्थेचा वाटा मुख्यतः तातडीची मदत, गवंड्यांचे प्रशिक्षण, शाळा आणि पाणी यांत होता, असे त्यात म्हटले होते. त्यावर बरीच पत्रे आली. वारंवार विचारल्या गेलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : संस्थेची स्थापना नागपुरात झाली, असे एक वाक्य टिपणात ओघात येऊन गेले. हिंदू राजा असलेल्या देशात ख्रिस्ती मिशनला प्रवेश कसा मिळाला आणि त्यात नागपूर कोठून आले? (एक निवृत्त शिक्षिका, सांगली)

१९५१ मध्ये राणा या वंशपरंपरागत पंतप्रधान घराण्याची सत्ता संपेपर्यंत नेपाळ परदेशी माणसांना जवळजवळ बंद होता. मसुरीच्या वुडस्टॉक शाळेतील शिक्षक आणि पक्षिअभ्यासक रॉबर्ट फ्लेमिंग यांना पक्ष्यांचे नमुने गोळा करण्यासाठी तेथे जाण्याची परवानगी मिळाली होती. १९५१-५२ च्या हिवाळ्यात त्यांचा मुक्काम पश्चिम नेपाळमधील तानसेन येथे असताना बरोबरच्या डॉक्टर मंडळींकडे रुग्णांची रीघ लागली. त्यातून पुढे तानसेनला रुग्णालय आणि काठमांडूत दवाखाने काढण्यास शासनाने संमती दिली. हे काम एकाच पंथाने किंवा एकाच देशातील मिशनने अंगावर घेऊ नये, असे ठरल्यामुळे आठ मिशन संस्था मार्च १९५४ मध्ये नागपूर येथे एकत्र आल्या आणि त्यांनी ही संयुक्त संस्था स्थापन केली. नागपूर त्या वेळी जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि भारतातील प्रोटेस्टंट चर्चच्या राष्ट्रीय परिषदेचे कार्यालयही तेथेच आहे.

मिरजेचे वानलेस रुग्णालय आपल्या परिचयाचे असेल, त्यामुळे मिशनच्या रुग्णालयाचे आपल्याला नवल वाटणार नाही. नेपाळमधील वेगळेपण करारात होते. संस्थेने रुग्णालये, शाळा आणि उद्योगशिक्षण यांत काम करावे, परंतु धर्मप्रसार करू नये, अशी अट शासनाशी झालेल्या करारांत घालण्यात आली आणि संस्थेने ती मान्य केली. बुटवलची तंत्रशाळा व तेथून उभे राहिलेले जलविद्युत प्रकल्प, गोरखा जिल्ह्यातील आंपिपलचे रुग्णालय, काठमांडू खोऱ्यातील शांता भवन आणि त्यानंतरचे पाटण रुग्णालय ही या अटीखाली झालेली कामे होत. यांपैकी बरीच कामे संस्थेने पुढे नेपाळी शासनाच्या, स्थानिक मंडळांच्या किंवा कंपन्यांच्या हाती सोपवली. भूकंपाच्या दिवशी पाटण रुग्णालयात जखमींचे लोंढे आले, तेव्हा ते रुग्णालय संस्थेचे राहिलेले नव्हते.

या पूर्वेतिहासाचा भूकंपाशी संबंध आहे. गेल्या काही दशकांत संस्थेने स्वतः कामे चालवणे कमी करून निवडक जिल्ह्यांत स्थानिक संस्थांमार्फत काम करण्याची पद्धत स्वीकारली होती आणि धादिंग हा त्यांतीलच एक जिल्हा होता. कोणत्या वस्तीपर्यंत पायवाट जाते, कोणत्या ओढ्यावर पूल नाही, गावात कोणाच्या शब्दाला मान आहे, ही माहिती असलेली माणसे त्यामुळे पहिल्या दिवसापासून तेथे होती. आपत्तीनंतर विमानाने उतरलेल्या संस्थेला हीच माहिती मिळवण्यात महिना घालवावा लागतो.

प्रश्न : किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या भागात देणगीदार संस्थांनी गावेच्या गावे बांधून दिली. नेपाळमध्ये मात्र लोकांना दोन-दोन पावसाळे पत्र्याखाली काढावे लागले. घरे बांधायची नव्हती तर एवढा पैसा घेऊन संस्थांनी केले काय? (एक शेतकरी, उमरगा)

आपला प्रश्न रास्त आहे आणि विचारणारा त्याच भागातील असल्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देतो.

२५ एप्रिल २०१५ रोजी, शनिवारी, दुपारी बाराच्या सुमारास ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचे केंद्र गोरखा जिल्ह्यातील बारपाकजवळ होते. १२ मे रोजी ७.३ तीव्रतेचा दुसरा मोठा धक्का बसला. दोन्ही मिळून सुमारे ९ हजार माणसे दगावली आणि जवळजवळ ५ लाख घरे पूर्णपणे कोसळली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गावे झोपेत असताना, किल्लारी-सास्तूर भागात सुमारे ८ हजार बळी गेले होते. मृतांचे आकडे जवळपास सारखे असले, तरी बांधावयाच्या घरांचे आणि त्यांच्या पसाऱ्याचे आकडे अगदी निराळे आहेत. आपल्याकडे पूर्ण स्थलांतर करावी लागलेली गावे ५२ होती, ती दोन जिल्ह्यांत आणि मोटाररस्त्यावर होती. नेपाळमध्ये अतिबाधित जिल्हे १४ होते आणि त्यांतील असंख्य वस्त्यांवर सिमेंटची गोणी माणसाच्या किंवा खेचराच्या पाठीवरूनच जाऊ शकते. मदतीचे धान्य पोहोचवण्यासाठी जागतिक अन्न कार्यक्रमाला हजारो भारवाहक कामाला लावावे लागले.

दुसरी गोष्ट कदाचित आपल्यालाच अधिक ठाऊक असेल. स्थलांतरित गावांत जमीनधारणेनुसार २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. घरे भक्कम झाली, हे मान्य. परंतु सरळ रुंद रस्त्यांच्या आखणीत जुन्या गल्ल्या मोडल्या, भावकी पांगली, गुरे आणि कडबा ठेवायला जागा उरली नाही आणि शेत लांब पडले, अशा तक्रारी वर्षानुवर्षे होत राहिल्या. किल्लारीच्या याच पुनर्वसन प्रकल्पाचा दुसरा, कमी बोलला गेलेला भाग मात्र मालकांनी स्वतः केला. ज्या गावांत घरे दुरुस्त करून बळकट करायची होती, तेथे शासनाने पैसे हप्त्याहप्त्याने दिले, तांत्रिक मार्गदर्शन पुरवले आणि काम घरच्या माणसांनी करवून घेतले. अशी घरे जवळजवळ दोन लाख होती. त्या कामी गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहाय्यक’ म्हणून हिंडल्या. २००१ च्या कच्छच्या भूकंपानंतर गुजरातने बहुतांश घरांसाठी मालकानेच बांधण्याची पद्धत अवलंबिली. नेपाळने २०१५ मध्ये जी वाट धरली, तिचा आरंभ अशा रीतीने काही अंशी आपल्याच गावांत झाला होता.

नेपाळमधील पद्धत अशी होती. पात्र कुटुंबाशी शासन करार करी आणि अनुदान तीन हप्त्यांत देई. सुरुवातीला ठरलेली दोन लाखांची रक्कम पुढे तीन लाख नेपाळी रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. करार झाल्यावर ५० हजार, जोत्याचे काम अभियंत्याने तपासून पसंत केल्यावर दीड लाख आणि भिंती उभ्या राहिल्यावर उरलेले एक लाख मिळत. संस्थांनीही याच चौकटीत काम करावे, कोणा गावाला जास्त आणि कोणाला कमी असे होऊ देऊ नये, अशी शासनाची भूमिका होती. एखाद्या श्रीमंत संस्थेने एका वाडीत टुमदार बंगल्या उठवाव्यात आणि शेजारच्या वाडीने ते पाहत बसावे, हा प्रकार त्यामुळे पुष्कळ अंशी टळला.

मग संस्थेने केले काय? प्रथम ताडपत्र्या, धान्य आणि ब्लँकेटे. त्यानंतर, जूनमध्ये पावसाळा तोंडावर आला असताना, तंबूंपेक्षा नालीदार पत्र्यांवर भर देणे शहाणपणाचे ठरले. तंबू एका पावसाळ्यात फाटतो. पत्रा पुढे पक्क्या घराच्या छपरावर चढतो. पडलेल्या घरातील वासे आणि हा पत्रा यांतून कुटुंबे दोन-चार दिवसांत निवारा उभा करीत.

यानंतरचे काम भिंतीचे होते आणि माझ्या मते संस्थांच्या सगळ्या खर्चात हेच सर्वांत मोलाचे. नेपाळच्या डोंगराळ भागातील घर आणि मराठवाड्यातील जुने घर यांची भिंत सारखीच आहे : दगड आणि माती, जाडी दोन फुटांपर्यंत, बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा आणि मध्ये खडी-मातीचा भराव. धक्का बसला की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात, फुगतात आणि ढासळतात. आपल्याकडे वरून माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, वजन येते, तेथे दुसऱ्या मजल्याचे आणि दगडी पाट्यांच्या छपराचे. उपाय साधे आहेत. ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवायचे, कोपरे एकमेकांत गुंतवायचे, जोत्यावर, खिडक्यांच्या खाली, दारे-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली काँक्रीटचा किंवा लाकडाचा सलग पट्टा घराभोवती फिरवायचा आणि वर हलके छप्पर घालायचे. नेपाळ शासनाने ऑक्टोबर २०१५ मध्ये १७ नमुना घरांचा आराखडा प्रसिद्ध केला, त्यात दगड-मातीचे घरही होते. गरिबाला सिमेंटचाच आग्रह धरला असता, तर अर्धी गावे आजही बांधून झाली नसती.

परंतु नमुना कागदावर असून भागत नाही. वाडवडिलांपासून एका पद्धतीने भिंत रचणाऱ्या गवंड्याला आपला हात बदलावा लागतो आणि तो व्याख्यानाने बदलत नाही. प्रत्यक्ष घर बांधताना, जाणत्या गवंड्याच्या शेजारी उभे राहूनच बदलतो. त्यातच धादिंग, गोरखा, सिंधुपाल्चोक या भागांतील कर्ती तरुण मुले आखाती देशांत आणि मलेशियात कामाला गेलेली. गवंडी मिळेनासे झाले, तेव्हा स्त्रियांनाही प्रशिक्षण देण्यात आले आणि त्यांनी ओळंबा हातात घेतला. शिवाय अनुदानाच्या करारासाठी लालपुर्जा, म्हणजे जमिनीच्या मालकीचा दाखला लागे. ज्यांचा दाखला ढिगाऱ्यात गेला, ज्यांच्या नावावर जमीन कधी चढलीच नाही, ज्या विधवेचा हिस्सा दिराच्या नावावर होता, अशांची कागदपत्रे जुळवण्यासाठी कचेरीच्या खेपा घालणारे कोणी तरी असावे लागते. हे काम छायाचित्रात येत नाही आणि देणगीदारांना सांगताही येत नाही. तरी एका कुटुंबाला घर मिळते की नाही, हे अनेकदा त्यावरच ठरले.

विलंबाचा दोष मात्र झाकण्यासारखा नाही. पुनर्निर्माण प्राधिकरण स्थापन होण्यासच डिसेंबर २०१५ उजाडला, कारण राजकीय पक्षांचे त्यावर एकमत होत नव्हते. सप्टेंबर २०१५ मध्ये नवे संविधान आले, त्याविरुद्ध भारतालगतच्या तराई पट्ट्यात आंदोलन पेटले आणि फेब्रुवारी २०१६ पर्यंत सीमेवरून इंधन व माल येणे जवळजवळ थांबले. त्या नाकेबंदीत भारताचा हात होता, असे बहुसंख्य नेपाळी लोक मानतात, तर भारताने ते नाकारले आहे. अनुदानाचा पहिला हप्ता गावोगाव पोहोचू लागला तो २०१६ मध्ये. या काळात संस्थांना पक्की घरे उभारण्यास परवानगीच नव्हती. तेवढे लक्षात घेऊनही, काही संस्थांनी परवानगीची वाट पाहण्याच्या नावाखाली बैठका आणि अहवाल यांतच वेळ घालवला, ही नेपाळी वृत्तपत्रांतील टीका मला अनाठायी वाटत नाही.

प्रश्न : आपण अवघड प्रश्न टाळलात. मदतीच्या आडून धर्मांतर होते की नाही, एवढे स्पष्ट सांगावे. (एक वाचक, पुणे)

स्पष्ट सांगायचे तर संस्था-संस्थांत फरक करावा लागतो आणि तो न करणाऱ्या दोन्ही बाजूंचे मला पटत नाही.

ज्या संस्थेविषयी आपण बोलत आहोत, तिच्यावर करारानेच धर्मप्रसाराची बंदी होती. त्याखेरीज आपत्तीतील मदतकार्यासाठी १९९४ मध्ये तयार झालेली एक आंतरराष्ट्रीय आचारसंहिता आहे. मदत केवळ गरज पाहून द्यावी आणि ती कोणताही राजकीय किंवा धार्मिक दृष्टिकोन पुढे रेटण्यासाठी वापरू नये, ही तिची दोन कलमे आहेत. ही संहिता पुरस्कृत करणाऱ्या आठ संघटनांमध्ये रेड क्रॉसच्या दोन शाखा, ऑक्सफॅम आणि सेव्ह द चिल्ड्रन यांच्या जोडीला कॅरिटास इंटरनॅशनालिस, कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या चार ख्रिस्ती संघटना होत्या. म्हणजे हा नियम ख्रिस्ती संस्थांवर बाहेरून लादलेला नाही. तो घडवण्यात त्यांचा निम्मा वाटा आहे. त्यांनी तो मोडला तर त्यांना त्यांच्याच शब्दाने धरता येते.

नेपाळचा कायदाही कडक आहे. १९९० पूर्वी धर्मांतरासाठी तुरुंगवास होत असे. सध्याच्या संविधानाच्या २६ व्या कलमाने दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्यास मनाई केली असून २०१८ पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. फूस किंवा जबरदस्ती यांपलीकडे जाऊन स्वेच्छेच्या श्रद्धांतरालाही हा कायदा धाकात ठेवतो, असा आक्षेप मानवी हक्कांचे पुरस्कर्ते घेतात. मला तो आक्षेप योग्य वाटतो, परंतु तो वेगळा विषय आहे.

आता दुसरी बाजू. भूकंपानंतर परदेशांतून काही लहान गट स्वतःच्या बळावर आले. त्यांनी ना कोणती संहिता मान्य केली होती, ना जिल्ह्याच्या कचेरीत नोंद केली होती. दुःखात असलेल्या माणसांना धर्मोपदेश करण्याची भाषा त्यांच्यापैकी काहींनी समाजमाध्यमांवर उघडपणे वापरली आणि नेपाळी लोकांनी, त्यांत नेपाळी ख्रिस्ती लोकही आले, त्यावर संताप व्यक्त केला. तो संताप बरोबर होता. ताडपत्रीसाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ‘नको’ म्हणण्याचे स्वातंत्र्य नसते, म्हणून त्या रांगेत धर्माची गोष्ट काढणे अनुचित आहे, मग काढणारा कोणत्याही धर्माचा असो.

मदत घेणाऱ्यांत ख्रिस्ती माणसे दिसली, एवढ्यावरून मात्र काही सिद्ध होत नाही. उत्तर धादिंगमधील तामाङ जमातीच्या गावांत भूकंपाच्या आधीपासून ख्रिस्ती वस्ती लक्षणीय आहे. शिवाय नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारी असल्याने चर्चची उपासना शनिवारी भरते आणि भूकंप नेमका त्याच वेळी झाला. शाळा बंद होत्या म्हणून हजारो मुले वाचली. प्रार्थनेसाठी जमलेली अनेक माणसे मात्र कोसळलेल्या चर्चखाली सापडली. एखाद्या मंडळीने आपल्याच सभासदांनी जमवलेल्या वर्गणीतून आपल्याच विधवांना धान्य दिले, तर ते नैसर्गिक आहे. सार्वजनिक देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेला ती मोकळीक नाही. तिच्या बाबतीत विचारावयाचे प्रश्न नेमके आहेत : लाभार्थींची यादी कोणी केली, ती गावासमोर वाचली गेली काय, त्यात दलित वस्ती आली काय, बौद्ध आणि हिंदू शेजाऱ्यांना तितकेच मिळाले काय, आणि तक्रार करायची तर कोणाकडे?

जनगणनेकडेही पाहावे. २०११ मध्ये नेपाळमधील ख्रिस्ती लोकसंख्या १.४ टक्के होती, ती २०२१ मध्ये १.७६ टक्के झाली. खरा आकडा याहून मोठा आहे, असे तेथील चर्चचे म्हणणे आहे आणि ते खरे असू शकेल. तरीही ज्या दशकात भूकंप झाला आणि मदतीचा ओघ लोटला, त्या दशकातील ही वाढ ‘मदतीने देश बाटवला’ या आरोपाला पुरेशी नाही.

प्रश्न : पुढच्या वेळी उपयोगी पडावेत म्हणून आमच्या चर्चच्या युवक मंडळाने वापरलेले कपडे आणि चादरी जमवून ठेवाव्यात काय? (एक युवक, नाशिक)

जमवू नयेत. वापरलेले कपडे निवडणे, वाहून नेणे आणि वाटणे याचा खर्च त्यांच्या किमतीपेक्षा जास्त होतो. आपले कपडे तेथील स्त्रिया वापरतीलच असेही नाही आणि ज्या ट्रकमधून पत्रे जायला हवेत, ती जागा गाठोडी अडवतात. जवळच्या बाजारपेठेत माल मिळत असेल तर तेथेच खरेदी करण्यासाठी पैसे द्यावेत, म्हणजे तेथील दुकानदारही पुन्हा उभा राहतो. मंडळाला काही करायचेच असेल, तर आपल्या परिसरातील जुन्या दगड-मातीच्या इमारती, शाळा आणि स्वतःचे चर्च एखाद्या स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घ्यावे. नोव्हेंबर २०२३ मध्ये पश्चिम नेपाळमधील जाजरकोट आणि रुकुम भागात भूकंप झाला, तेव्हा दीडशेहून अधिक माणसे गेली. २०१५ चा बाधित प्रदेश तेथून दूर असल्यामुळे पुनर्बांधणीची मोहीम त्या गावांपर्यंत गेलीच नव्हती आणि घरे जुन्याच पद्धतीची होती.

प्रश्न : अशा संस्थेला भारतातून थेट देणगी दिल्यास प्राप्तिकरात सवलत मिळते काय? (एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली)

परदेशातील संस्थेला थेट पाठवलेल्या देणगीवर ही सवलत मिळत नाही. भारतात नोंदणी झालेल्या धर्मादाय न्यासांनाही परदेशात खर्च करण्यावर प्राप्तिकर कायद्याची बंधने आहेत. म्हणून भारतीय संस्थेमार्फत पैसे देताना ती रक्कम प्रत्यक्ष कोठे खर्च होणार, हे आधी लेखी विचारावे. रक्कम मोठी असल्यास आपल्या सनदी लेखापालांचा सल्ला घ्यावा. सवलत नको असेल आणि केवळ मदत करायची असेल, तर भूकंपाच्या पहिल्या आठवड्यातच सर्व रक्कम देऊन टाकू नये, असे मी सुचवीन. त्या आठवड्यात पैसा भरपूर येतो. टंचाई पडते ती सहा महिन्यांनी, गवंड्यांचे प्रशिक्षण सुरू करायचे असते आणि वृत्तपत्रांतून बातमी गेलेली असते तेव्हा.